पिच्चर झाला, पण दाखवणार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अमरावतीत नवख्या माणसानं पत्ता विचारला, तर आपण त्याला काय सांगतो? राजकमल चौकातून सरळ जा, श्याम चौकात वळा, नाहीतर चित्रा चौकात उतरा. शिवाय प्रभात चौक आहे, सरोज चौक आहे. ही सगळी नावं टॉकीजची. यांतल्या काही टॉकीजना कुलूप लागूनही जमाना झाला, पण रिक्षावाल्याच्या तोंडी नाव तेच. रस्ते सिनेमाच्या नावानं ओळखणारं हे गाव पुन्हा सिनेमाच्या धंद्याचंही गाव. चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या इथं वर्षानुवर्षं होत्या. रिळांच्या पेट्या इथून आणि भुसावळहून रेल्वेनं, एस.टी.नं गावोगाव जायच्या.

आणि आज आपल्याच भागातली पोरं-पोरी कर्ज काढून, मित्रांकडून पैसे उभे करून वऱ्हाडी बोलीत चित्रपट करतात, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळवतात, आणि मग विचारतात, ‘भाऊ, आता हा दाखवायचा कुठं?’ आजचं बोलणं या प्रश्नावर आहे.

आधी एक गंमत सांगतो. सी.पी. अँड बेरार नावाचा प्रांत होता, त्याची राजधानी नागपूर. १९५० साली तो मध्य प्रदेश झाला, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजकीय नकाशावरून बेरार पुसला गेला त्याला किती वर्षं झाली! पण चित्रपटधंद्याच्या नकाशावर ‘सी.पी. बेरार’ अजून जिवंत आहे. देशभराची वाटणी या धंद्यानं जुन्या प्रांतांप्रमाणे केली आणि ती तशीच ठेवली. मुंबई-पुणं ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये, मराठवाड्याचा मोठा भाग ‘निजाम’मध्ये आणि आपण ‘सी.पी. बेरार’मध्ये. आपल्या सर्किटच्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं मुख्य कार्यालय भुसावळला.

याचा परिणाम काय झाला, तर मराठी चित्रपटाला स्वतःच्याच राज्यात हद्द ओलांडावी लागते. पुण्या-कोल्हापूरचा निर्माता बॉम्बे सर्किटपुरता विचार करून मोकळा व्हायचा. सी.पी. बेरारसाठी दुसरा वितरक शोधायचा, त्याच्यासाठी वेगळ्या प्रिंट काढायच्या, म्हणजे खर्च वाढला. रिळांच्या काळात एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये पडत. आणि इकडच्या वितरकाचा धंदा हिंदीवर चाललेला. विदर्भात लोक मराठी पिच्चर पाहत नाहीत, हे वाक्य त्यातून तयार झालं. मला ते कधीच पटलं नाही. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक मागत नाही म्हणायचं, यातला हा प्रकार आहे.

२००५ नंतर ‘यूएफओ’सारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून चित्रपट पोचवायला सुरुवात केली आणि पेटीचा खर्च गेला. दर्यापूरचा पडदा आणि दादरचा पडदा एकाच शुक्रवारी उजळू लागला. पण त्या जागी नवा खर्च आला. व्हीपीएफ म्हणतात त्याला. प्रत्येक पडद्यामागे निर्मात्यानं डिजिटल कंपनीला द्यायची फी. नवीन निर्माते चित्रीकरणाचा पै-पैचा हिशेब ठेवतात आणि नेमकी ही रक्कम धरायला विसरतात.

आता वितरक म्हणजे कोण? पुष्कळांना वाटतं, तो चित्रपट विकत घेणारा व्यापारी. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरं होतं. एक पद्धत ‘एमजी’ची, म्हणजे मिनिमम गॅरंटी. वितरक ठरलेली रक्कम आधीच मोजायचा. चित्रपट पडला तर नुकसान त्याचं. चालला तर रक्कम वसूल होऊन वर जे येईल, त्याला धंद्यात ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात, ते वाटून घ्यायचं. दुसरी पद्धत ॲडव्हान्सची. पैसे आधी मिळतात, पण कमी पडले तर परत करावे लागतात. तिसरी कमिशनची. इथं वितरक स्वतःचा रुपया लावत नाही. तो थिएटर मिळवून देतो, वसुली करतो आणि आपले दहा, पंधरा, वीस टक्के कापून घेतो. जाहिरात, व्हीपीएफ, पोस्टर सगळं निर्मात्याच्या खिशातून. नाव नसलेल्या छोट्या चित्रपटाला आज बहुधा ही तिसरीच पद्धत मिळते. म्हणजे ‘मला वितरक मिळाला’ म्हणून पेढे वाटण्याआधी विचारावं की बाबा, पैसा कोणाचा लागणार आहे?

थोडं गणित करू. कागद-पेन्सिल नको, सोपं आहे. शंभर रुपयांचं तिकीट धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी आहे. तो गेला की उरले पंचाण्णव. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं मोठं भांडण झालं होतं, दोन महिने नवे हिंदी चित्रपट लागले नव्हते. त्या तहात पहिल्या आठवड्याला पन्नास टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे तीस टक्के निर्माता-वितरकाला, असं ठरलं. तेच प्रमाण आपण धरू. पहिल्या आठवड्यात आपल्या वाट्याला साडेसत्तेचाळीस रुपये. त्यातून वितरकाचे पंधरा टक्के गेले की हातात चाळीस.

एका प्रेक्षकामागे चाळीस रुपये. आता समजा, राज्यभर प्रदर्शनासाठी तीस लाख खर्च केले. नुसता तो खर्च भरून यायला पंचाहत्तर हजार माणसं हवीत. चित्रपट बनवायला लागलेल्या पैशाचं अजून नावही काढलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आतबाहेर आणि अकोल्याची सव्वाचार लाख. दोन्ही शहरांतल्या तान्ह्या पोरांसकट दर चौदा माणसांत एकानं तिकीट काढलं, तर हा आकडा गाठतो.

हे ऐकून कोणी घाबरू नये. पण तारीख जाहीर करण्याआधी हे ऐकलेलं बरं.

आता खऱ्या चित्रपटांकडे वळू. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ चा. शेतकरी आत्महत्येचा विषय, विदर्भातलं गाव, बोली आपली. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष अशी कसलेली माणसं. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो गाजला. ‘गाभ्रीचा’ हा शब्द पश्चिम महाराष्ट्रात समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे तो ऐकला की म्हातारा माणूसही हसतो, कारण पावसाला तो रोज हीच शिवी देतो. नुसतं नाव वाचून ज्याला चित्रपट कळतो, असा प्रेक्षक अकोला-यवतमाळच्या पट्ट्यात बसलेला. माझ्या मते अशा चित्रपटाची सुरुवात याच पट्ट्यात व्हावी, इथली गर्दी दाखवून मग तो पुण्याला न्यावा. धंद्याची रीत मात्र उलटी. आधी मुंबई-पुणं, तिथं चालला तर विदर्भ.

दुसरा ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या स्वतःच्या डोंगरगावात चित्रित केला. कापसाचा भाव, मुलीचं शिक्षण आणि दर खेपेला पाहायला येणारी पाहुणेमंडळी. बहुतेक कलाकार त्याच भागातले, पूर्वी कॅमेऱ्यापुढं न आलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. आणि चित्रपटगृहात तो कधी आला? ७ मार्च २०२५ ला. टोरांटो ते तिकीटबारी दीड वर्ष. पण ती तारीख बघा. दुसऱ्या दिवशी महिला दिन. मुलगी दाखवण्याच्या रीतीवरचा चित्रपट त्या आठवड्यात आणला की वर्तमानपत्रांना, महाविद्यालयांना बोलायला निमित्त मिळतं. प्रस्तुतकर्ता म्हणून सचिन पिळगांवकर यांचं नाव जोडलं गेलं. मोठ्या माणसाचं नाव पोस्टरवर लागलं की थिएटरवाला निदान फोन उचलतो. विनोद कांबळे यांच्या ‘कस्तुरी’मागे २०२३ च्या डिसेंबरात नागराज मंजुळे आणि अनुराग कश्यप असेच उभे राहिले होते.

तिसरं उदाहरण ‘साबर बोंडं’. रोहन कानवडे यांचा हा मराठी चित्रपट भारत, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या निर्मात्यांनी मिळून केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्यानं परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेतलं आणि १९ सप्टेंबरला तो भारतात लागला. इथं आणणारी कंपनी हैदराबादच्या राणा दग्गुबाती यांची. मराठी चित्रपटाला वितरक मराठीच मिळेल असं नाही, हेही त्यातून दिसतं.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे, तर डॅनी बॉईल यांचा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आठवा. मुंबईत चित्रित झालेला हा ब्रिटिश चित्रपट. २००८ च्या मे महिन्यात त्याच्या अमेरिकी वितरणाची जबाबदारी असलेली वॉर्नरची छोटी कंपनी बंद झाली. चित्रपट थिएटरचं तोंड न बघता थेट डीव्हीडीवर जाण्याची वेळ आली होती. फॉक्स सर्चलाइटनं तो हाती घेतला, महोत्सवांत लोकांना दाखवला, थोड्या पडद्यांवर लावला, बोलबाला होईल तसे पडदे वाढवले. फेब्रुवारी २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळाली. तयार चित्रपटात काही सर्वस्वी बदलून टाकलेलं नव्हतं. दाखवणारा बदलला होता.

महोत्सवातल्या बक्षिसाबद्दल माझं एक मत आहे, कोणाला कडू वाटेल. पोस्टरवरची ती पानांची झालर वितरकाला पटवायला उपयोगी पडते. परतवाड्याच्या चौकात ती पाहून कोणी तिकीट काढत नाही. उलट ‘बक्षीस मिळालं म्हणजे पिच्चर रडका असंन’ असं म्हणणारे भेटतात. एका थिएटरमालकानं मला सरळ सांगितलं होतं, ‘पिच्चर चांगला हाये भाऊ, पन मानसं कुठून आनान?’ त्याचा प्रश्न बरोबर होता. चित्रपट घेऊन त्याच्याकडे जाणारे शंभर असतात, माणसं घेऊन जाणारा एखादाच.

म्हणून वितरकाकडे जाताना ट्रेलरच्या आधी त्याच्यापुढं यादी ठेवावी. कसली यादी? हा चित्रपट कोणाचा आहे, त्याची. वस्त्यांमधल्या माणसांचा ‘जयंती’ नावाचा चित्रपट नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. करोनानंतर थिएटरं नुकतीच उघडली होती. दिग्दर्शक शैलेश नरवाडे विदर्भातले. त्या चित्रपटाची जाहिरात होर्डिंगपेक्षा वस्तीतल्या माणसांनी एकमेकांना सांगून झाली. २०२३ सालच्या ‘बाईपण भारी देवा’ला तर बायकांचे गटच्या गट साड्या नेसून, गॉगल लावून गेले. भिशीमंडळं, बचत गट, सोसायट्या, शाळांतल्या शिक्षिका. तो मोठ्या कंपनीचा चित्रपट होता हे खरं, पण गटानं तिकीट काढण्याची युक्ती छोट्यालाही परवडते. अख्खा खेळ आधीच ठरवून घेणारे दहा गट हातात असले, तर थिएटरवाला तुम्हाला चहा पाजतो.

आता वऱ्हाडापुरतं बोलू, कारण इथलं पंचांग वेगळं आहे. जूनमध्ये पेरणी. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या खिशात पैसा नसतो आणि डोक्यात आभाळाशिवाय काही नसतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं, दिवाळीपासून कापूस वेचून घरात येतो. तेव्हा खेड्यातला माणूस बाजाराला शहरात येतो, कापड घेतो, पोरांना काहीतरी दाखवतो. पण दिवाळीत हिंदीतले बलाढ्य सगळे पडदे अडवून बसतात. तेव्हा नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा काळ मला आपल्या छोट्या चित्रपटासाठी सगळ्यात बरा वाटतो. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि अकोल्याचं ऊन. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ द्यायची असं ठरवलं, आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी धरली. मे महिन्यात अकोल्यात दुपारी बाराचा खेळ ज्याला मोक्याचा वाटतो, त्यानं एकदा येऊन टिळक रोडवर उभं राहून पाहावं!

वेळेवरून आठवलं. खेड्यातून येणारा प्रेक्षक हवा असेल तर शेवटची एस.टी. किती वाजता सुटते ते आधी बघा. रात्री नऊचा खेळ शहरातल्या पोरांसाठी ठीक. तीनचा खेळ बायकांसाठी आणि बाहेरगावच्यांसाठी. थिएटरवाला एकच खेळ देत असेल तर तीनचा मागावा, नाहीतर सहाचा.

पडदे किती घ्यावेत, यावर निर्मात्यांशी माझा नेहमी वाद होतो. प्रत्येकाला वाटतं, राज्यभर दीडशे ठिकाणी लागला पाहिजे. पेपरात यादी मोठी दिसते. मी म्हणतो, बारा ठिकाणी लावा. अमरावती, अकोला, परतवाडा, वरूड, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, कारंजा, वाशीम, खामगाव, यवतमाळ, जिथं पडदा चालू असेल तिथं. खर्च पाच लाखांत बसवला तर साडेबारा हजार प्रेक्षक लागतात. बारा पडदे, रोज दोन खेळ, सात दिवस, म्हणजे १६८ खेळ, दर खेळाला पंचाहत्तर माणसं. दीडशे पडदे, रोज एक खेळ असा हिशेब केला, तर तिथंही दर खेळाला सत्तर-बहात्तरच लागतात, हे कबूल. फरक इतकाच की मूर्तिजापुरात पंचाहत्तर माणसं गोळा करायला तुमचा मामा आहे, मित्र आहे, शाळेचे गुरुजी आहेत. सांगलीत कोण आहे?

प्रचाराचंही तेच. मोबाइलवर रील फिरतं, ते फिरवावंच, स्वस्त पडतं. पण आठवडी बाजारात भोंगा लावलेली ऑटोरिक्षा अजून काम करते. शेतकऱ्याचा चित्रपट असेल तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी सोडू नये. हजारो शेतकरी स्वतःच्या पायानं तिथं येतात. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची जत्रा महिनाभर चालते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा युवक महोत्सव असतो, तिथली पोरं नाटकवेडी, त्यांना नट भेटू द्या. आणि कृपा करून पोस्टरवरची बोली खरी ठेवा. पुण्यात बसून लिहिलेली वऱ्हाडी इथं लगेच ओळखू येते. जिथं तिथं ‘बे’ घातला की वऱ्हाडी होत नाही.

ब्रिटनमध्ये छोट्या चित्रपटांचे दिग्दर्शक गावोगाव स्वतः फिरतात, खेळ संपला की पडद्यापुढं उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. आपल्याकडे कीर्तनकारानं आणि गणपतीतल्या वक्त्यानं हेच केलं, त्यामुळे ते आपल्याला परकं नाही. अमरावतीच्या एखाद्या खेळाला दिग्दर्शक येणार असं कळलं की पन्नास माणसं जास्त येतात. तिकिटाच्या पैशात ही जाहिरात कुठं मिळत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी तीन-चार गोष्टी मात्र लिहून घ्याव्यात. हक्क कोणत्या प्रदेशाचे आणि किती वर्षांचे. थिएटर, दूरदर्शन, ओटीटी, परदेश, सगळं एकाच सहीत देऊ नये. थिएटरचा वितरक वेगळा, बाकीचे हक्क आपल्याकडे. ओटीटीवाले पुष्कळदा आधी विचारतात की थिएटरात किती चालला, त्यामुळे ते दार नंतर उघडेल या आशेवर आत्ता फुकट देऊ नये. रोजच्या वसुलीचा कागद, डीसीआर म्हणतात तो, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला पाहिजे. आणि खर्चाची कमाल मर्यादा लेखी हवी, नाहीतर ‘प्रचाराला लागले’ या एका ओळीत सगळी वसुली जाते.

शेवटी सोमवारचं सांगतो. शुक्रवार, शनिवार, रविवार नातेवाईक आणि मित्र येतात. सोमवारी सकाळी थिएटरवाला कालचा डीसीआर समोर ठेवून पुढच्या शुक्रवारचा विचार करतो. त्या दिवशी हॉलमध्ये किती डोकी बसली यावर दुसरा आठवडा ठरतो. म्हणून गटांची ठरलेली तिकिटं रविवारला देऊ नका. रविवार आपल्या पायानं भरतो. गुरुजींची शाळा, बचत गटाच्या बाया, बँकेतली मंडळी यांना सोमवार, मंगळवार, बुधवार वाटून द्या, आणि ही वाटणी चित्रपट लागायच्या पंधरा दिवस आधी वहीत लिहून तयार ठेवा.